एकाच बटणाचं पान

४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र बघून दचकशील. फोन असताना हिला हे काय सुचलं, म्हणशील. एक तर फोनवर आपलं दुसऱ्याच मिनिटाला वाजतं. आणि या घरात दोन भिंतींपलीकडे कुजबुजलं तरी बाबांच्या कानावर जातं. चाळीस वर्षं घड्याळं कानाला लावून दुरुस्त केलेला माणूस आहे तो. मला जे लिहायचंय ते त्यांच्या कानावर जाण्यासारखं नाही.

तू त्यांच्या ब्लॉगवर कसलं पान बांधते आहेस? काल त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून पाहिलं. वर त्यांच्या कामाच्या टेबलाचा फोटो, त्याखाली ढेकळाएवढं लाल बटण आणि त्यावर लिहिलेलं, ‘आत्ताच विकत घ्या’. ठके, टेबल विकायला काढलंस? दुकान बंद झाल्यापासून ते टेबल आणि तो ब्लॉग एवढंच त्यांच्याजवळ राहिलंय, हे तुला मी सांगायला हवं का? नऊ वर्षं दर आठवड्याला एक आजारी घड्याळ, त्याच्या टिकटिकीचं रेकॉर्डिंग आणि खाली त्याला काय झालं होतं ते. साडेचारशे लेख! त्यातला एकही त्या पानावर दिसला नाही. वरची ती यादी नाही, बाजूची नाही, कमेंट नाहीत, तारीखसुद्धा नाही. आत शिरायला वाट आहे, बाहेर पडायला नाही.

आणि फोटोतून मला कापलंस. त्या दिवशी दिवा मी धरला होता. आता कोपऱ्यात फक्त माझा अंगठा उरलाय.

बाबांना विचारलं तर नुसतं बरं म्हणाले. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणतात. कुठेतरी पाणी मुरतंय. खरं काय ते लिही.

लोभ आहे, म्हणूनच विचारते.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग चहा करून पुन्हा वाचलं. टेबल विकत नाहीये गं बाई! पान अजून कच्चं आहे. फोटो आणि बटण यांच्यामध्ये मजकूर यायचाय. विकायचे आहेत ते बाबांचे आवाज. साडेचारशेतले चाळीस निवडून त्यांनी प्रत्येकावर नवीन टिपण लिहिलंय. घड्याळ लंगडत चाललं तर काय, दर तिसऱ्या ठोक्याला अडखळलं तर काय, नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं ते सगळं. त्यांच्यासारखं कानाने ओळखणारा दुसरा कुणी नाही, आणि आपल्यामागे हे कुणाला तरी यावं अशी त्यांची इच्छा आहे. एक मार्चला पान उघडणार, असं त्यांनी वाचकांना जाहीरसुद्धा करून टाकलंय.

ब्लॉगला कुणी हात लावलेला नाही. ब्लॉगमध्ये माणूस एका लेखातून दुसऱ्यात भटकत राहतो, आणि भटकलेला माणूस काही घेत नाही. म्हणून हे पान सुटं ठेवायचं. यादी नाही, तारीख नाही, एकच बटण. दुकानदाराची मुलगी आहेस, एवढं कळायला हवं.

फोटो कापला कारण तुझ्या बाहीवर डाळीचा डाग होता. म्हटलं, जगाला कशाला दाखवा.

आता माझी शंका. मी फोन केला की बाबा तीन वाक्यांत ठेवून देतात. तेही बरं, बरं करून. तू शेजारी उभी असतेस का? माझ्याविरुद्ध त्यांचे कान भरलेस का, ताई? सरळ विचारते, सरळ सांग.

भावजींना नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

१५ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

डाग डाळीचा नव्हता, वंगणाचा होता, आणि तो बाबांच्या हाताचा होता.

कान भरायला मला वेळ कुठे आहे? मी शाळेतून साडेपाचला येते. तोवर ते कानाला ते मोठे हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसलेले असतात. मी आले तरी मान वळत नाही. मागून हाक मारली तर ओ देत नाहीत, समोर जाऊन उभी राहिले की मात्र गोड हसतात. अगं, हॉलमधलं घड्याळ पाच दिवसांपासून बंद आहे! एके काळी हा माणूस त्या घड्याळाचा ठोका चुकला तर झोपेतून उठायचा. आता त्याच्याखालून जातो नि येतो. एवढं काय भुलवलंस त्या पानाने?

आणि ते पान तरी धड आहे का? वरच्या बाजूला नमुन्याचा एक आवाज ठेवलायस म्हणे, दाबला की वाजायला हवा. तो वाजत नाही. बाबांनी तुला चार वेळा कळवलं, तू चार वेळा दुरुस्त झाला म्हणून कळवलंस, आणि तो आहे तिथेच आहे. दर वेळी ते दाबतात, वाट बघतात आणि खुर्चीत मागे टेकतात. मला ते बघवत नाही. तुझ्या ऑफिसची कामं आधी आणि बाबांचं उरल्यासुरल्या वेळात, असं चाललंय का? की एक मार्च टाळायचीच आहे तुला? तसं असेल तर त्यांना आशेवर ठेवू नकोस.

मी स्वतः त्या यंत्राला हात लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. मागे माझ्या हातून त्यांचा अख्खा लेख पुसला गेला, तेव्हापासून कानाला खडा. नाहीतर कधीच तपासलं असतं.

रागातही आशीर्वाद आहेत, ते तेवढे उचलून घे.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चार नाही, सात वेळा. तोच आवाज मी सात वेळा नव्याने चढवला. पान पुसून पुन्हा बांधलं. माझ्या कॉम्प्युटरवर वाजतो, नवऱ्याच्या फोनवर वाजतो, ऑफिसातल्या तिघांना त्यांच्या त्यांच्या घरी लावून बघायला सांगितलं, तिथेही खणखणीत वाजतो. अख्ख्या जगात एकाच घरी वाजत नाही, आणि त्या घरात तू आहेस.

वाईट वाटलं तर वाटू दे, पण मला सरळसरळ संशय येतोय. हे पान तुला पहिल्यापासून नकोच होतं. कुठेतरी आवाज बंद करून ठेवला आहेस का? किंवा पुसताना काही ओढलं गेलं असेल आणि कबूल करायला लाज वाटत असेल? तो लेख पुसल्याचंही तू दोन दिवस कबूल केलं नव्हतंस. काल बाबांची मेल आली. त्यात लिहिलंय की ठके, तुला जमत नसेल तर राहू दे, मी वाचकांना कळवतो की पान होणार नाही. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. माझं काम मला येतं, ताई. ते मला येत नाही असं बाबांना वाटावं, हे मला सहन होत नाही.

म्हणून एकच मागते. शपथ मोड, यंत्राला हात लाव. हेडफोनची वायर उपटून काढ आणि तो नमुन्याचा आवाज स्वतः दाबून बघ. मग लिही.

नमस्कार आहेच, रुसवाही आहे.

तुझी,
ठकी

२६ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, हिला एकदाचं तोंडघशी पाडते. बाबा हेडफोन लावून बसलेच होते. तो नमुना दाबून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की बघ, आजही नाहीच. मी हात घातला आणि वायर उपटली.

ठके, अगं, खोली दणाणली. आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवलेला होता. लंगड्या लंबकाची ती टक्‌-ट, टक्‌-ट... हातातलं तुझं पत्र खाली पडलं माझ्या. शेजारच्या बाई गॅलरीत येऊन बघायला लागल्या.

आणि बाबा स्वस्थ बसलेले. ते पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडावरून त्यांना कळायचं होतं.

त्यांनी विचारलं की वाजतंय का. मला खोटं बोलायचं होतं. ठकीचंच चुकलंय, ती आठव्यांदा करेल, असं सांगायचं ओठांवर आलं होतं. तुझ्यावर ढकलायची मला सवयच आहे. पण मान हलली. हो म्हणून हलली.

त्यांनी हेडफोन काढले, वायरीची नीट गुंडाळी केली, चष्मा पुसला. मग म्हणाले की म्हणजे पान बरोबर आहे, ठकीला आजच कळव की पान बरोबर आहे, पोरीला उगाच दोष दिला. एवढंच. थोड्या वेळाने हॉलमध्ये जाऊन घड्याळाच्या काचेला हात लावून उभे राहिले आणि मला विचारलं, हे केव्हापासून बंद आहे. मी सांगितलं. मग किल्ली मागितली. ती मी आणून त्यांच्या हातात ठेवली.

त्यांच्याच घरात राहते मी. रोज समोर वाढते. मागून हाक मारली तर ओ देत नाहीत हे मी तुला लिहिलं, आणि त्यातही तुझाच डाव शोधला. काय म्हणावं मला?

पान पुढे ढकल. आणि ये.

तुझीच,
ताई

१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू एकटी कसली? मलाही फोनवर ते बरं, बरं म्हणायचे, आणि मी ते तुझ्या खात्यावर टाकलं. दोघी सारख्याच निघालो.

शनिवारी येते. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबांना कालच मेलवर विचारलं, की पान राहू दे का. दहा मिनिटांत उत्तर आलं, की चाळीस आवाज त्यांच्या डोक्यात पाठ आहेत, त्यासाठी कान लागत नाहीत, उघड म्हणजे उघड. म्हणून आज सकाळी उघडलं.

दोन बदल केलेत. फोटो पूर्ण लावलाय. दिवा, तू, बाही, वंगणाचा डाग, सगळं. आणि नमुन्याच्या आवाजाशेजारी एक छोटा लंबक काढलाय. आवाज सुरू झाला की तो हलायला लागतो, अगदी त्याच ठेक्यावर, टक्‌-ट, टक्‌-ट, आणि आवाज थांबला की थांबतो. आल्यागेल्याला वाटेल, सजावट आहे.

बाबांना मात्र काही सांगू नकोस. त्यांना स्वतः तो नमुना दाबू दे. तू फक्त समोर बस, आणि या खेपेला तू त्यांच्या तोंडाकडे बघ. काय दिसलं ते मला लिही.

येते तोवर जपा एकमेकांना.

तुझी,
ठकी