घंटी वाजली की हात वर

माय, परवा एका पुस्तकात वाचलं की कॉम्प्युटर हे आधी यंत्राचं नावच नव्हतं. आकडेमोड करणाऱ्या माणसाला तसं म्हणत, आणि कितीतरी ठिकाणी त्या बायाच असत. ताऱ्यांची गणितं रांगेत बसून दिवसभर करायच्या. वाचता वाचता तुझा आवाज कानात आला, "मंग त्याइले भाकर खाची सुट्टी देत होते का नाई?" तुला आधी हेच पडलं असतं. आणखी एक सांगते. परदेशात फुलाफुलांचं कापड विणायच्या मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे लावत, त्या भोकांप्रमाणे माग नक्षी काढायचा. हिशेबाच्या यंत्रांनी ती युक्ती पुढे मागावरूनच उचलली. फिरून फिरून सगळं सुतापाशीच येतं बघ.

दारव्ह्याच्या जिनात तू रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायचीस. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि मधे तुझे हात. उजव्या हाताचं मधलं बोट रेच्यानं अर्धं नेलं, तेव्हा मी फार लहान होते. त्या दिवशी पट्टा थांबवायची घंटी उशिरा वाजली, एवढंच तू सांगायचीस. पण त्यानंतर घरात शाळाच सुरू केलीस. भाकरी थापता थापता मधेच परातीवर टण्ण करायचीस आणि मी असेन तिथे दोन्ही हात वर करायचे. नाही केले तर पाठीत धपाटा. शेजारपाजारचे हसायचे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन, पांढरं लुगडं नेसून परत आलीस, तेव्हापासून एक धोशा आणखी वाढला, "माही पोरगी रेच्यावर बसनार नाई." पण मग बसणार कुठे, हे तुलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी जिनाच्या ऑफिसात आकडेमोडीचं यंत्र आलं. काळं, जड, बाजूला फिरवायचा दांडा. पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी. ते चालवायला माणूस हवं होतं. तू हेडबाबूंच्या मागे लागलीस, रोज, अगदी नेमानं, आणि ते बिचारे शेवटी कंटाळून म्हणाले, आण पोरीला, पाहू. मला हे काम मिळालं नाही तर पुढच्या हंगामात रेचाच होता. आदल्या रात्री आपण दोघीही जाग्याच होतो.

दुपारची सुट्टी आहे. रेचे बंद, सगळीकडे शांत. तू ऑफिसच्या दाराबाहेर उभी आहेस, कारण रेच्यावरच्या बायांनी आत यायचं नाही. हेडबाबू मला गाठींचं एकूण वजन देतात, भागाकार करायला सांगतात. दांडा उलटा फिरवत राहायचं, एवढं शिकवलंय. घंटीचं सांगायचं त्यांच्या लक्षातून गेलंय. मी फिरवते, फिरवते, आणि यंत्रातून टिंग!

माझे दोन्ही हात वर. खुर्ची मागे सरकलेली. हेडबाबू आ वासून बघतायत. आणि तू उंबरा ओलांडून आत, केसांत रुई, माझे हात हातात घेऊन एकेक बोट मोजतेयस.

"काही नाई झालं, मा."

"मंग घंटी कायले वाजली?"

हेडबाबू भानावर आले. "अवं बाई, भागाकाराची घंटी हाये ते. एक फेरा जास्त झाला का वाजते. एक फेरा पुढं फिरवला का झालं बरोबर."

"म्हंजे जास्त गेलं तरी परत येता येते?"

"येते ना. तसाच करतात भागाकार. थे चूक नोय."

तू माझे हात सोडलेस. "आमची घंटी हात गेल्यावर वाजते, बाबू. हे तं परत ये म्हून बलावते." मग माझ्याकडे वळलीस. "बस वं खाली. फिरव."

मी फिरवलं. उत्तर बरोबर आलं. तुला बाहेर जा म्हणायचं हेडबाबूंना सुचलं नाही, आणि पुढच्या सोमवारपासून मी त्या खुर्चीत बसले. माय, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

पुढे नोकऱ्या बदलल्या, यंत्रं बदलली. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तरणीताठी पोरं बटणाला बोट लावायला भीत होती, बिघडलं तर काय म्हणून. मी तुझंच सांगायची, दाबा रे, परत येता येतं. मला हे असं कुणी शिकवलं, ते त्यांना कधी कळलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. घरात आलेली सगळी पत्रं मीच तुला वाचून दाखवायची, म्हणून हे पाठवायचा प्रश्न नाही. आत्ता मोठ्यानं वाचलं, तेवढं पुरे. फक्त एक राहिलं. अजूनही कॉम्प्युटरनं टिंग केलं की माझे हात आधी वर जातात. नातवंडं हसतात. मी हात लगेच खाली घेत नाही. कुणीतरी येऊन बोटं मोजेल म्हणून जरा वेळ तसेच ठेवते.