राखेतला मणी

प्रिय माय,

तुझी राख सावडून आठ दिवस झाले. तुझा सोन्याचा मणी माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आपण झारेकरी. सोनारांच्या दुकानापुढची माती झाडून आणायची, धुवायची, त्यातले सोन्याचे कण काढायचे. बहात्तरच्या दुष्काळात नवे दागिने कोण घडवणार? मातीत काही सापडेना. मग तू मांजरेकाठच्या मसणवट्यात जाऊ लागलीस. मेलेल्याच्या तोंडात ठेवलेला मणी राखेत राहतो, हे तुला ठाऊक होतं. नदी आटलेली. वाळूत खणलेल्या झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं भरून आणायचीस आणि त्याच पाण्यात तीन-तीनदा राख धुवायचीस. परात जराशी कलती करून फिरवायचीस. "सोनं जड असतंय, बुडाला बसतंय. घाई करू नगंस."

आज वर्गात मी हेच शिकवतो. सोनं गंजत नाही, जळून जात नाही. पृथ्वीच्याही आधी कुठल्याशा फुटलेल्या ताऱ्यात ते घडलं. पण पहिला धडा कुणी दिला, हे पोरांना कधी सांगितलं नाही. लातूर जिल्हा झाला, मला नव्या शाळेत नोकरी लागली, आणि आई शेतात मजुरी करते असं मी सांगत राहिलो. एकदा तू डबा घेऊन आलीस, नखांत राख होती. मी फाटकातूनच तुला परत पाठवलं. तेव्हा रागावली का नाहीस गं?

शेवटी एकच मागितलंस. "माझ्या तोंडात मणी घाल. अन् राख सावडाया जरा उशिरानं ये. एखादी बाई येईल, तिला घावू दे."

आली होती, माय. आम्ही पोचलो तेव्हा परात घेऊन बसली होती. माझ्याबरोबर शाळेतले मास्तर होते. मी ओरडलो, "ऊठ, लाज नाही वाटत?"

"घरचे व्हय तुमी? चुकलं, दादा," म्हणाली, आणि परात रिकामी करून निघून गेली.

मग अस्थी वेचताना माझ्याच हातांनी तांब्यात राख घेतली, पाणी घातलं, कलती करून फिरवली. मणी बुडाला बसला. कुणाचं लक्ष नाही बघून मी तो खिशात टाकला. तू जो दुसरीला ठेवला होतास, तो मी घेतला.

उद्यापासून ती भेटेपर्यंत रोज नदीवर जाईन. माफी मागेन, मणी तिच्या परातीत टाकेन आणि शेजारी बसून राख धुवू लागेन. पुलावरून मास्तर बघत असले तरी उठणार नाही. "कुणाचे तुमी?" असं तिनं विचारलं, तर तुझं नाव सांगेन.

तुझा,
बापू