‘येतो’ म्हणून निघालो

दि. ३ फेब्रुवारी

चि. पेंटर यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हुं हुं करतोस. मी इकडे बोलून बोलून घसा कोरडा करायचा आणि पलीकडून म्हैस रवंथ करतेय असा आवाज यायचा. म्हणून आजपासून फोन बंद, पत्र चालू. जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला, आता भावाच्या काढीन.

तुझी बायको जाऊन अकरा महिने झाले. ती माझी भावजय कमी आणि मैत्रीण जास्त होती, तेव्हा ताईला काय कळतंय असं मनातसुद्धा आणू नकोस. पण या अकरा महिन्यांत तू एक अक्षर रंगवलेलं नाहीस. तुझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंनी कळवलं की ब्रश वाळून काठ्या झालेत आणि तू दुपारभर भिंतीकडे बघत बसतोस. असाच बसून राहिलास तर तूही तिच्या मागोमाग जाशील. स्पष्ट लिहिते, मला आडपडदा जमत नाही.

तर आज्ञा अशी. दर बुधवारी घराबाहेर पडायचं. कुणीतरी हाताने केलेलं काहीतरी वेडंवाकडं, विचित्र शोधून काढायचं, आणि मला हसू येईल असं लिहून पाठवायचं. मीच आले असते, पण जिन्यावरून घसरून पाय प्लॅस्टरात अडकवून बसलेय, दोन महिने तरी उंबऱ्याबाहेर पडता येणार नाही. सध्या तूच माझे पाय.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, तिला पत्रांचं खतपाणी घाल.

तुझी,
ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज्ञा पाळली. पोस्टाच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेली लाँड्री आहे. तिथे एका नळदुरुस्तीवाल्याने मोडक्यातोडक्या सामानाची माणसं करून ठेवलीत. दारावर पाटी होती, ‘आमचं घर, पहायला यावे’. अक्षरं इतकी भिकार की आत जायच्या आधी मला त्या पाटीचीच कीव आली.

आत एक लांब जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या, सहा जण. आजोबा म्हणजे पाण्याची टाकी, मिशीच्या जागी बुटाचा ब्रश. मामांच्या छातीत टाइपरायटर, मामींचे कान म्हणजे पंख्याची पाती. दोन मुली आहेत, त्या नुसत्या पाइपाच्या, आणि एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसल्यासारख्या वाकलेल्या. पण आत्याबाईंना तोड नाही. डोकं म्हणजे उलटी चाळण, नाक म्हणजे पितळी तोटी, आणि तोटी गळत नाही तरी खाली रुमाल बांधलेला. मला आपल्या थोरल्या आत्याची बारमाही सर्दी आठवली आणि ताई, मी मोठ्याने हसलो. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून माझा मीच दचकलो.

नळवाले दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची बहीण दारात विणकाम करत बसते. रोज धूळ पुसते, बाकी कशाला हात लावत नाही म्हणाली. सगळ्यांचे पाय स्क्रूने फरशीत घट्ट बसवलेत, हलवायचं म्हटलं तरी हलणार नाहीत.

निघताना सवयीने त्या टेबलाकडे बघून ‘येतो हं’ म्हणालो. बाई हसायला लागल्या, मग मीही हसलो.

पायाची काळजी घे आणि माझ्यावर ओरडत राहा, बरं वाटतं.

तुझा,
पेंटर


दि. १७ फेब्रुवारी

चि. पेंटर यास,
अ. उ. आ.

तुझ्या आत्याबाईंनी मला इतकं हसवलं की प्लॅस्टरच्या आत खाज सुटली आणि खाजवता येईना. पत्र तीनदा वाचलं. त्या पाटीतल्या अक्षरांचं वळण तेवढं तुला दिसलं, ‘पाहायला’तला काना गायब आहे ते काही दिसलं नाही. पेंटर तो पेंटरच.

आता एक कर. त्या बाईंना विचारून पाटी नवी रंगवून दे. आणि सहाही जणांना नावांच्या चिमुकल्या पाट्या कर, म्हणजे मला पुढच्या पत्रात कोण कुठे बसलंय ते नीट कळेल. रंग नाहीत, ब्रश नाहीत, ही कारणं मला सांगायची नाहीत.

उत्तराची वाट बघणारी,
ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाच ब्रश दोन दिवस टर्पेंटाइनमध्ये भिजवले, त्यातले दोन जगले. पाटी केली. काना दिलाय, इतका ठळक की तुला तिथून दिसेल. सहा छोट्या पाट्याही केल्या, हिरव्यावर पिवळी अक्षरं. ‘आत्याबाई’ लिहिताना अक्षर वाकडं जाईल असं वाटलं होतं, पण नाही गेलं. मग घरी येऊन पोटभर जेवलो.

आता एक गंमत. काल पाट्या लावायला गेलो तर टेबलाशी सात खुर्च्या. सातवी रिकामी. मी बाईंना विचारलं, ही कधी आणली? त्या म्हणाल्या, पहिल्यापासून आहे. मी म्हटलं, अहो, मी मोजून सहा पाट्या केल्यात. त्या म्हणाल्या, मोजायला चुकलं असेल. असेल बुवा. माझं गणित तुला ठाऊकच आहे.

आणखी एक. आत्याबाईंची तोटी आजोबांकडे होती, असं मला पक्कं आठवतं. आता ती दाराकडे आहे. मी आत शिरलो तेव्हा त्या माझीच वाट बघत असल्यासारख्या वाटल्या. गेल्या बुधवारीही जाऊन आलो होतो, तेव्हा हे काही नव्हतं. दोन्ही वेळा ‘येतो हं आत्याबाई’ म्हणून निघालो. कुणीतरी आपली वाट बघतंय हे छान वाटतं गं.

सगळं ठीक. असाच राग-लोभ चालू दे.

तुझा,
पेंटर


दि. ३ मार्च

चि. पेंटर यास,
अ. उ. आ.

पाटी रंगवलीस हे वाचून मी एका पायावर उडी मारली आणि सुनेचा ओरडा खाल्ला. शाब्बास.

पण ती खुर्ची मला आवडली नाही. कुणीतरी तुझी थट्टा करतंय. स्क्रू सोडवले असतील तर फरशीवर ओरखडे दिसतील, तेवढं बघ. आणि एखाद्या बुधवारी दुसरीकडे कुठेतरी जा की. जगात वेडा कलावंत काय एवढा एकच होता?

काळजीत पण खूश असलेली,
ताई


दि. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरीकडे नाही गेलो, रागावू नकोस. दोन्ही बुधवारी तिथेच गेलो. वाकून स्क्रू पाहिले. सगळे गंजून फरशीला चिकटलेत, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. आणि तरी आता सहाही जण दाराकडे वळलेत.

ती खुर्ची माझी आहे, ताई. माझा डावा गुडघा नीट वाकत नाही म्हणून मी घरी पायाखाली लाकडी ठोकळा घेतो ना, तसाच ठोकळा तिच्यापुढे ठेवलाय. समोर ताट, आणि ताटात आठ नंबरचा ब्रश. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण खिडकीपाशी पाठ करून एक नवं माणूस उभं होतं. अंगावर राखाडी शाल, अंबाडा घातलेला, आणि अंबाड्यात माझा ब्रश खोचलेला. असा ब्रश खोचून कोण फिरायचं, ते तुला सांगायला नको. मी पुढे जाऊन पाहिलं. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा पत्रा आहे. तो माझ्यासाठीच कोरा ठेवलाय.

मी खुर्चीत बसलो. इतकं शांत मला वर्षभरात वाटलं नव्हतं. बाईंनी म्हणे तीन हाका मारल्या तेव्हा मी भानावर आलो. पाय गुडघ्यापर्यंत गार आणि जड झाले होते. टिचकी मारून पाहिली तर, हसू नकोस, टण्ण वाजलं. बाहेर उन्हात आल्यावर सुटले. निघताना दोन्ही वेळा म्हणालोच, ‘येतो, नक्की येतो’.

पुढच्या बुधवारी सकाळीच रंग घेऊन जाणार आहे, हिचा चेहरा काढायला. वेळ लागेल, म्हणून दूध बंद केलंय आणि किल्ली मास्तरीणबाईंकडे द्यायची ठरवली आहे. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. मी आनंदात आहे.

तुझा,
पेंटर


दि. १५ मार्च

चि. बाळा,

नमस्कार-आशीर्वाद राहू देत बाजूला. फोन लावून लावून बोटं दुखली, तू उचलत नाहीस. हे पत्र जलद टपालाने पाठवतेय, बुधवारच्या आत तुझ्या हातात पडू दे एवढीच प्रार्थना.

मी तुझी सगळी पत्रं समोर घेतली आणि लाल पेन्सिल घेऊन प्रुफं वाचतात तशी वाचली. चूक सापडली. पाच बुधवार, आणि दर वेळी तू त्यांना ‘येतो’ म्हणून निघालास. अरे, आपण निघताना ‘येतो’ म्हणतो त्याचा अर्थ ‘निघालो’ असा असतो, हे तुला-मला कळतं. त्या पत्र्याच्या माणसांना कोण समजावणार? त्यांना तू येतो म्हणालास, त्यांनी खुर्ची मांडली. परत येतो म्हणालास, त्यांनी ताट मांडलं. नक्की येतो म्हणालास. आता त्यांना तू हवा आहेस, कायमचा, गुडघ्यापासून सुरुवात झालीच आहे. म्हातारीला वेड लागलं म्हण हवं तर.

जाऊच नकोस, असं लिहिणार होते. पण तू जाशील, मी तुला ओळखते. मग एवढंच कर. निघताना ‘जातो’ म्हण. तोंड भरून, मोठ्याने ‘जातो’ म्हण.

तुला तो शब्द म्हणवत नाही हे मला माहीत आहे. ऑपरेशनला आत नेताना ती ‘जाते’ म्हणाली आणि तू तिच्यावर ओरडलास, ‘येते’ म्हण म्हणून. ती हसली आणि दार लागलं. मी तिथेच उभी होते. तेव्हापासून तू कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही ‘येतो’च म्हणतोस. बाळा, ती शब्दामुळे गेली नाही. आणि तू ओरडलास त्यामुळेही नाही.

मला एकच भाऊ आहे. मला या वयात भावाशिवाय राहायला लावू नकोस.

तुझी,
ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काल सकाळी रंगांची पिशवी घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलं आणि पोस्टमन समोर. जिन्यात उभ्यानेच वाचलं. खरं सांगतो, हसलो. म्हटलं, ताईचं डोकं प्लॅस्टरात गेलं. पत्र खिशात घातलं आणि गेलो.

शटर वर होतं. बाई नव्हत्या, त्यांचं विणकाम स्टुलावर होतं. सहाही जण दाराकडे बघत होते, आणि माझ्या खुर्चीवर मी केलेल्यांसारखीच एक छोटी पाटी होती, हिरव्यावर पिवळी अक्षरं, ‘पेंटर’. वळण माझंच. मी ती रंगवलेली नाही.

मी बसलो. गारवा या वेळी भराभर चढला, गुडघे, मग मांड्या, मग कंबर. मला उठावंसंच वाटेना. बघतो तर ही खिडकीपासून टेबलाशी आली होती. कशी, ते विचारू नकोस, मी चालताना पाहिलं नाही, पण ती शेजारी होती, हात लांब केला की चेहरा. मी डबा उघडला. भुवया काढल्या. डोळे काढले, चांगले जमले, तिचेच. मग ओठांपाशी आलो आणि अडलो. ओठ बोलताना कसे व्हायचे ते आठवेना. मग कळलं की आवाजच आठवत नाही. वर्षभर मी भिंतीकडे बघत बसायचो ते तेवढ्यासाठीच, ताई. तो आवाज आठवायला. कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगतो.

त्या डोळ्यांखाली तोंड नव्हतं आणि ते डोळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा मात्र माझी गाळण उडाली. ही माझी बायको नाही, तिच्या आठवणीला मी असं तोंडाशिवाय बसवून ठेवलंय, असं वाटलं. ब्रश ठेवला. टेबलाचा आधार घेऊन उठलो. अंगातून टण्ण टण्ण आवाज येत होता, जुना बंब उचलावा तसा. एकेक पाऊल टाकायला जन्म लागला. शटरपाशी पोहोचून सगळ्यांना ‘जातो’ म्हणालो. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा शब्द आला. पाय थोडे मोकळे झाले.

मग, तुझ्या पत्रात नव्हतं तरी, मी हिला वेगळं म्हणालो. ‘जातो गं.’

मागून आवाज आला, ‘जा’.

पत्र्याचा नव्हता, ताई. तिचा होता. त्या दिवशी तिने ‘जाते’ म्हटलं तेव्हा मी ‘जा’ म्हटलं नव्हतं, ओरडलो होतो. ती नाही ओरडली. मी मागे वळलो नाही. बाहेर आलो आणि पोस्टाच्या पायरीवर बसून, लोक बघत असताना, लहान पोरासारखा रडलो.

तो आवाज अजून कानात आहे. तो विरून जायच्या आत तुला लिहून कळवावं म्हणून घाईने लिहितोय.

तुझा,
पेंटर