स्पेशल गिअरची पेटी

४ नोव्हेंबर, सोमवार

जीप आजपासून ठोकळ्यांवर. चारही चाकं भिंतीला टेकवून ठेवली आहेत, तुळशीला जायला वाट नाही. वसंतने आणि सलीमभाईंनी मिळून स्पेशल गिअरची पेटी खाली उतरवली. पुढच्या चाकांनाही ताकद देणारी हीच ती पेटी. तिच्या जोरावर गाडी कालव्याच्या भरावावर चढायची. आता आतून खरखरते. उतरवताना दोघंही कण्हत होते. स. भाई म्हणाले, "वसंता, एवढं वजन आपल्या वरातीत पण नव्हतं." दोघं एकाच खात्यात होते, वसंत कालव्यावर आणि स. भाई नकाशांच्या टेबलावर.

पुण्याहून ऋताचा फोन. "आई, ती गाडी काढून टाका आता. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"
ऐकलं. विसरणं वाढत जाणार. गोळ्यांनी फक्त जरा सावकाश वाढेल.

वसंत मागेच उभा होता. म्हणाला, "त्या डॉक्टरनं मला कागदावर घड्याळ काढायला लावलं. पोराटोरांसारखं. मी अख्खी पेटी बांधून दाखवतो. बांधली अन् गाडी चढावर गेली, तर डोकं जागेवर हाय. नाय गेली, तर गाडी विका अन् मला ऋताच्या हवाली करा." हसत म्हणाला. पण म्हणाला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

माझी जुनी लाल काठाची साडी अंगणात अंथरली. त्याची नेहमीची पद्धत. जे आधी निघेल ते पदराच्या बाजूला, मग त्याच्या शेजारी पुढचं, असं निऱ्यांपर्यंत. जोडताना निऱ्यांकडून उलटं यायचं. एकेकाळी साडीवरून मांजर गेलं तरी घर डोक्यावर घ्यायचा.

आज त्याने मधलाच एक गिअर उचलला, पुसला आणि पदराशी नेऊन ठेवला. मी भाजी निवडत राहिले.

११ नोव्हेंबर, सोमवार

स. भाई दुपारी आले तेव्हा वसंत झोपला होता. सहज म्हणून पान्याने एक नट तपासला, तो हातानेच फिरला. दुसराही तसाच. चष्मा काढून पुसत बसले. मग हळूच, "भाभी, इनो कब तक सोते?"
"चारपर्यंत."
"तो मैं रोज आतुं. इनके मागे एक बार देख लेतुं. इनकू नक्को बोलो."

मला हेच हवं होतं. आपण होऊन सुचवायचा धीर नव्हता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

असं चाललंय. सकाळी वसंत जोडतो. दुपारी तो वर घोरायला लागला की मागच्या दाराने स. भाई येतात. मी बॅटरी धरते, ते नट आवळतात, चुकलेली चकती काढून जागेवर घालतात. जिना वाजला की दोघंही थिजतो. साठी उलटल्यावर चोरी शिकतोय.

चारला वसंत उठतो, बाहेर येतो, पेटीवरून हात फिरवतो. "चांगलं बसलंय." मी म्हणते, "हो, छान बसलंय." चहा टाकते.

२० नोव्हेंबर, बुधवार

बरा दिवस. मधला दांडा त्याने एकट्याने बसवला आणि बरोबर बसवला. दुपारी तपासून स. भाई म्हणाले, "आज मेरी छुट्टी." दोघांनी बिस्किटं खाल्ली.

संध्याकाळी वसंत जुन्या गोष्टी सांगत होता. कालव्यावरची वसाहत, आमचं नवं लग्न, माझे शाळेतले फ्रॉकसारखे परकर बघून त्याची आई कशी गप्प झाली ते. काळ्या चिखलात जीप रुतली होती तेव्हा म्हणाला होता, "मालू, डोळे मीट अन् घट्ट बस." स्पेशल गिअर टाकला आणि गाडी म्हशीसारखी डुलत वर आली. सगळं त्याला लख्ख आठवतं. माझ्या हातातल्या बांगड्या किती वाजल्या तेही.

जेवण झाल्यावर तासाभराने पुन्हा ताट घेऊन बसला. मी अर्धी पोळी वाढली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज सकाळी वसंत स. भाईंना म्हणाला, "सलीम, तू नुसता चहा ढोसायला येतोस. एखादा नट तरी आवळत जा की."
स. भाई म्हणाले, "माझ्या हाताला जोर नाय राहिला, वसंता. तूच आवळ."
त्यांच्या नखांत कालच्या दुपारचं ग्रीस होतं. मला हसूही आलं आणि पुढे लिहवत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

पेटी वर चढली. वसंतने पेटी उतरवताना काढून ठेवलेलं तेलच पुन्हा घातलं. नळी लावून, डोळा बारीक करून, सावकाश. मला हाक मारली. "मालू, हे बघ. या भोकातून ओघळायला लागलं की भरली समजायचं." ओघळलं. बाही भिजली. तो घाणेरडा, गंधकासारखा वास मला लग्नापासून माहीत आहे. जेवायला बसतानाही त्याने शर्ट बदलला नाही. मीही म्हटलं नाही बदला म्हणून.

दुपारी स. भाईंना पेटीखाली थेंब दिसला. खालचा नट काढून सगळं तेल तसराळ्यात उतरवलं, जुनं पॅकिंग काढून नवं बसवलं. त्यावरचा लेप रात्रभर सुकला पाहिजे म्हणाले. तेल उद्या घालायचं. तसराळं जिन्याखाली ढकललं. चारला वसंत आला, पेटीवर हात फिरवला. "भरली एकदाची."

६ डिसेंबर, शुक्रवार

मुकुंदवाडीला ताईकडे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दिवसभर तिथेच. संध्याकाळी आले तर तसराळं रिकामं, पुसून पालथं घातलेलं. म्हणजे स. भाई येऊन तेल घालून गेले. बरं झालं. वसंत अंगणातच होता, म्हणून त्यांना फोन केला नाही.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी निघालो. वसंतने इस्त्रीचा शर्ट घातला. गाडी स. भाईंनी चालवायची ठरलं होतं, कारण वसंतला डॉक्टरांची मनाई. गल्लीच्या टोकाला वसंत म्हणाला, "सर तिकडं." आणि ते सरकले.

सुंदर चालवत होता. बीड बायपास ओलांडून गावाजवळच्याच साताऱ्याच्या डोंगराकडे. मी मागे, डबा मांडीवर. खालून बारीक शिटीसारखा आवाज येत होता. मला वाटलं जुनी गाडी. स. भाईंनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मीही त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही काही कळलं नाही.

डांबर संपलं, मुरमाचा चढ लागला. वसंतने स्पेशल गिअर टाकला. आवाजाचं रडणं झालं, जळका वास आला, मग खालून असा दणका की डबा उडून पुढच्या सीटवर पडला. गाडी जागच्या जागी धरल्यासारखी. चाक पुढेही जाईना, मागेही.

शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरने ओढून आणली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, म्युझियमला द्या आता हिला." वसंत हसला नाही.

घरी आल्यावर तो खाली शिरला. खालचा नट काढला आणि तळहात धरला. काही पडलं नाही. कितीतरी वेळ तसाच हात धरून पडला होता. बाहेर आला तेव्हा तळवा कोरडा. मला दाखवला.

"तेल घालायचं विसरलो, मालू."

९ डिसेंबर, सोमवार

स. भाई मागच्या दाराशी. मी म्हटलं, "तुम्ही घातलं ना शुक्रवारी?"
त्यांचा चेहरा उतरला. "मैं आया तो वसंता जागा था. पुराने तेल में चुरा था, तो वो लेको गया. नया डब्बा जिन्याखाली ठेवून गेलो. मला वाटलं तुम्ही बघाल, शनिवारी ओताल. वसंता ने तुमकू दिखाया था ना, कैसा डालते."

जिन्याखाली पाहिलं. कुंड्यांच्या मागे डबा आहे. झाकण न फोडलेला.

तो आमच्यापासून काही लपवत नव्हता. लपवत आम्ही होतो. वसंतसमोर बोलायचं नाही, म्हणून एकमेकांशीही बोललो नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

पेटी फोडली. गिअरचे दात उडालेत, कवच चिरलंय. असली पेटी आता मिळणं अवघड. स. भाईंनी भंगारवाले पालथे घातले.

वसंतला पेटीचं काही नाही. तो एकच बोलतोय. "मला घातल्याचं आठवतंय गं. बाहीला वास येत व्हता. तू बघितलंस असं पण आठवतंय. म्हणजे आता न झालेलं पण आठवायला लागलं. विसरलेलं परवडलं. हे लई वाईट."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय सांगू? तेल तुम्ही घातलं होतं, आम्ही काढलं. का काढलं? कारण रोज दुपारी आम्ही...

१५ डिसेंबर, रविवार

छावणीतल्या मिशनच्या शाळेत सातवीत भरतकामात माझ्या ट्रेच्या रुमालाला बक्षीस मिळालं होतं. सात निळी फुलं. घरी आणून उलटा केला तर मागच्या गाठी माझ्या नव्हत्या. सिस्टरनी माझी फुलं उसवून स्वतः भरली होती. प्रेमाने. मी त्यांची लाडकी होते. तो रुमाल मी कधी वापरला नाही आणि का ते कुणाला सांगितलं नाही. सगळ्यात वाईट हे की सातातलं एक फूल खरंच माझं होतं. कुठलं, ते मला ओळखता येईना.

१९ डिसेंबर, गुरुवार

आता तो प्रत्येक गोष्ट माझ्याकडून तपासून घेतो. भाजी आणायला गेलो तरी वाटेत.
"आपण पैठणकडं राहत होतो ना?"
"हो."
"ऋता पावसात झाली. नदीला पाणी, दवाखान्यात जीपनंच नेलं."
"हो."
"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस?"

काय हा प्रश्न. चाळीस वर्षांत त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं.

२२ डिसेंबर, रविवार

गिऱ्हाईक येऊन गेलं. बजाजनगरचा मुलगा, कंपनीत आहे. पेटी मोडलेली चालेल म्हणाला, तो तसंही सगळं बदलणार. रुंद टायर, पुढे दिव्यांची रांग, वर हिरवट रंग. "आंटी, वळखणार नाय तुम्ही हिला." बुधवारी नेणार.

वसंतने त्याला क्लच कसा सावकाश सोडायचा ते सांगितलं. मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर सांगतोय ना मी?"
मला गाडीतलं काय कळतं. मी हो म्हटलं.

स. भाई कोपऱ्यात बसून होते. जाताना मला म्हणाले, "आज बोल देतुं भाभी. झोप येत नाय." मी म्हटलं, नको, मी सांगते. ऋताने पुण्याला खोली आवरून ठेवलीय. जानेवारीत जायचं, असं वसंतनेच तिला कळवलं. मला विचारलं नाही. तेच ठरलं होतं ना, म्हणाला.

२५ डिसेंबर, बुधवार

सकाळी नाताळचा केक घेऊन बसलो. मी दरवर्षी करते, शाळेची सवय. वसंत अंगणात जीपच्या पायरीवर. मुलगा दुपारी येणार.

सांगितलं. एका दमात. "अहो, तेल तुम्ही घातलं होतं. मी पाहिलंय. दुपारी आम्ही काढलं, मी आणि सलीमभाईंनी."
त्याने माझा हात थोपटला. "राहू दे मालू. तू फार चांगली हायेस. पण आता असलं नको."
"खरं सांगतेय."
"बरं. खालचा नट कुठल्या पान्यानं काढला?"
"पान्याने नाही. तो आतून चौकोनी आहे. सलीमभाईंनी घरून चौकोनी दांडी आणली होती, तिचं टोक कानशीने घासलेलं."
तो बघत राहिला. "तेल कसं व्हतं?"
"काळपट. चमकत होतं. चुरा आहे म्हणाले."
"पॅकिंग गळत व्हतं?"
"एक थेंब."

केकचा तुकडा हातात तसाच. मग चेहऱ्यावर हळूहळू काय आलं ते मला लिहिता येत नाही. कित्येक महिन्यांनी पाहिलं. "म्हणजे मी घातलं व्हतं."
"हो."
"म्हणजे मला बरोबर आठवत व्हतं."
"हो."
हसला. दोनदा मान हलवली. केक खाल्ला. मग जीपच्या पोटाखाली बघत राहिला, जिथे पेटी असायची तिथे. मला कळलं होतं काय येणार. तो हुशार इंजिनिअर आहे, अजून.

"अन् बाकीचं? बाकीचे नट कुणी आवळले, मालू?"

फोन वाजतोय म्हणून आत आले. फोन वाजत नव्हता. टेबलाशी बसून हे लिहितेय. खिडकीतून दिसतोय, तिथेच बसलाय, दाराकडे तोंड करून.