आमच्या इंजिनातले घोडे

केटल क्रीक, इंडियाना
ऑगस्टचा दुसरा मंगळवार

आदरणीय डेलमर दाजींना वेंडेलचा नमस्कार.

तुमच्या पायाचा अंगठा आता बुटात मावतो असं रमोनाताई म्हणाली, ऐकून बरं वाटलं. तुमची म्हातारी कुत्री अजून पोस्टमनलाच चोर समजते का? (समजत असेल तर पत्र फाटूनच हाती पडेल. हरकत नाही, महत्त्वाचं सगळं तळाशी आहे.) इकडे मी ठीक. आमची सौ. आर्लीन काठी टेकत का होईना, स्वयंपाकघरापर्यंत जाते. माझी १९७० सालची दांडग्या इंजिनाची लाल मसल कार मात्र गेल्या महिन्यात वारली, म्हणजे निम्मी वारली.

झालं असं, की पशुखाद्याच्या दुकानासमोर तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सनं पुढं जायला साफ नकार दिला. मागं मात्र ती आनंदानं जात होती. टोचन लावून नेणं माझ्या अब्रूला परवडणारं नव्हतं, म्हणून दीड मैल मी उलटा घरी आलो. मान तीन दिवस वाकडी राहिली. शेजारी बसलेली आर्लीन वाटेत दिसेल त्याला हात हलवून दाखवत होती. तिला म्हणे सराव हवा होता.

सराव कसला, तर यंदा मक्याच्या जत्रेत, दरवर्षी गावातली एक मुलगी निवडतात त्या सगळ्या जुन्या मका-राण्या मिरवणुकीत निघणार आहेत. आर्लीन १९७४ची राणी, म्हणजे यंदा पन्नासावं वर्ष. बाकीच्या राण्यांना त्यांचे जावई मिरवतील, आमच्या राणीला गाडी स्वतः चालवायची आहे. दाजी, खुब्याच्या ऑपरेशननंतर ही बाई पाच महिने खिडकीशी बसून होती. हे हवं, ते आणा, असं एकदाही म्हणाली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. एवढ्या दिवसांत तिनं मागितलं ते हे एकच. तेव्हा काही झालं तरी गिअरबॉक्स मिळायलाच हवा.

म्हणून लोरेटा स्कॅग्जकडे गेलो. ही बाई तीस वर्षं जुने गिअरबॉक्स उघडते, धुते आणि नवे भाग घालून पुन्हा उभे करते (गिऱ्हाइकांनाही अधूनमधून धुते). मला वाटलं होतं, बूट घेतात तसा मापाचा डबा उचलून आणायचा. तीन गतींचा की चार, हे मी चुटकीसरशी ठरवलंसुद्धा: चार, म्हणजे हायवेवर इंजिनाला जरा दम खाता येतो. मग तिनं हातात फॉर्म ठेवला. गाडीचं वजन किती, चाकं केवढी, इंजिनात घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, किती? आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. तिथं चौघंजण कॉफी पीत बसले होते आणि चौघंही माझ्याकडं बघत होते. मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, पाचशे. चौघांनी माना डोलावल्या. लोरेटानं डोलावली नाही. ती म्हणाली, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये भोपळ्याएवढा एक कन्व्हर्टर बसतो आणि तो घोडे बघूनच निवडायचा असतो. पाचशे घोड्यांचा कन्व्हर्टर अशक्त इंजिनाला लावला, तर गाडी आधी जागच्या जागी बोंबलते आणि हलली की उधळते. मिरवणुकीत आमच्या बरोब्बर पुढं शाळेचं बँडपथक आहे, आणि शेवटच्या रांगेत पाद्रीबाबांचा नातू ढोल वाजवतो.

"वेंडेल, कॉफीच्या टेबलावर काय वाटेल ते सांगा, तिथं कुणी मोजत नाही," लोरेटा म्हणाली. "माझा डबा मोजतो. तोही भर चौकात."

आता तो फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय आणि आकड्याची जागा कोरी आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत भरून दिला नाही, तर जत्रेआधी डबा तयार होणार नाही. बाकी क्षेम. ताईला नमस्कार सांगा, अंगठ्याला जपा.

तुमचा,
वेंडेल

ता. क. आता मुद्द्याचं. हे इंजिन १९९९ साली तुम्हीच मला विकलंत, आणि आत साडेचारशे घोडे आहेत असं छातीवर हात ठेवून सांगितलंत. वरचे पन्नास माझे, कबूल. तुम्ही पदरचे किती घातले होते, तेवढं उलट टपाली कळवा. (फोन केला असता, पण तुमच्याकडे तो ताई उचलते आणि आमच्याकडे आर्लीन ऐकते.) तुमच्यामाझ्यातच राहील.

आणखी एक ता. क. पत्राला तिकीट लावायला म्हणून आर्लीनकडे दिलं, तर तिनं ते अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि खुर्चीचा हात धरून हसली. तुम्ही इंजिन विकलंत त्याच आठवड्यात ताईनं तिला खरा आकडा सांगितला होता म्हणे. मग ती काठी न घेता उठली, फ्रिजवरचा फॉर्म काढला, हातानं झाकून आकडा लिहिला आणि लोरेटाच्या पाकिटात घालून चिकटवून टाकला. मी विचारलं, किती लिहिलास?

"पंचवीस वर्षं पाचशे घोड्यांवर बसून सुखानं हिंडलात ना?" ती म्हणाली. "मग आता उतरताय कशाला?"

तुमच्या पाकिटावर तिनं ताईचं नाव घातलंय, तिथं माझा इलाज नाही. पण दाजी, वरची विनंती रद्द समजा. आकडा कळवू नका, मला ऐकायचा नाही.