चारकोपातल्या वासाची चौकशी

ती. अण्णास,

वसूचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली तितकीशी वाकत नाही, पण कागदावर वाकायला काय लागतं?) तुझा गुडघा कसा आहे? वैद्यांचं तेल लावतोस, की बाटली नुसती उशाशी ठेवून गुडघ्याला धाक दाखवतोस? कानाचं यंत्र कपाटात सुखरूप असेलच. ते कपाटाऐवजी कानात असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. वहिनींनी पाठवलेलं कुळथाचं पीठ मिळालं. त्यांना सांग, पिठी झकास होते, पण डबा परत मागू नका, त्यात मी मोहरी भरली आहे.

आता शनिवारच्या प्रकाराबद्दल. मी फोनवर तुला म्हटलं, ‘अण्णा, मी वास शोधायला गेले होते.’ तू ऐकलंस, ‘मी वाट चुकले होते.’ मग तू प्रज्योतला बंगळूरला कळवलंस, की तुझ्या आईला घरची वाट सापडेना. माझ्या त्या विद्वान लेकाने इंटरनेटवर काहीबाही वाचून माझ्या मेंदूचा निकाल लावून टाकला. आता तुम्हा दोघांचं ठरलंय म्हणे, की चारकोपची जागा बंद करायची, वसूला देवरुखला आणायची, आणि येत्या रविवारी तुझा नातू कृणाल गाडी घेऊन मला न्यायला येणार. मला कोणी विचारलं नाही. विचारायचं कशाला, जिला वाट सापडत नाही तिला मत तरी कुठून सापडणार! म्हणून झालं ते सगळं लिहून कळवते. वहिनींकडून मोठ्याने वाचून घे. मध्ये त्या थांबल्या किंवा हसल्या तर त्यांना एखादी ओळ गाळू देऊ नकोस.

तुला ठाऊक आहे, हे गेल्यापासून संध्याकाळचे पाच ही वेळ मला नकोशी झाली होती. पाचला ह्यांचा चहा असायचा. एकटीसाठी आधण ठेवायचं, तर पातेल्यात पाणी किती घ्यायचं तेच हाताला कळेना. सवयीने दोघांचं व्हायचं आणि अर्धा चहा मोरीत जायचा. अशीच एकदा गाळणं हातात धरून ओट्याशी उभी होते आणि खिडकीतून वास आला. काय वास होता, अण्णा! बेसन मंद आचेवर खमंग भाजताना येतो तसा, पण बेसन नव्हे. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा अंश होता, नाचणीचा होता, आणि तळाशी आणखी काहीतरी, जे ओळखीचं वाटायचं आणि नाव विचारलं की पळून जायचं. त्या दिवशी मी खिडकीतच स्टूल टाकून चहा प्यायले. सगळा.

मग रोजचंच झालं. पाच वाजत आले की मी खिडकीत. (टेलिफोन खात्यात आयुष्य काढल्यामुळे, तारेच्या त्या टोकाला कोण आहे हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही, हे तू जाणतोसच.) समोरच्या दिपालीला विचारलं. ती म्हणाली, “काकू, व्हॅनिला आहे, शंभर टक्के.” तिच्या सासूबाईंच्या मते कुठेतरी सत्यनारायणाचा शिरा होत असावा. रोज? रोज कोण करतं सत्यनारायण? आमचे सेक्रेटरी श्यामसुंदर कामेरकर म्हणाले, “वास नव्हे वहिनी, ते प्रदूषण आहे. मी पालिकेकडे तक्रार केलेली आहे.” आता, ह्या गृहस्थांचं नाक गेली कित्येक वर्षं सर्दीने बंद आहे. जिन्यात गॅसची गळती झाली होती तेव्हा सगळी बिल्डिंग खाली धावली आणि हे वर चाललेले. त्यांना विचारलं, तुम्हाला येतो का वास? तर म्हणाले, “मला यायची गरज नाही, रहिवाशांना येतो.”

तर शनिवारी मला राहवलं नाही. वास सुरू झाला तशी मी चपला घातल्या. मोबाइल चार्जिंगला होता तो तसाच राहिला, आणि टीव्ही मुद्दाम चालू ठेवला, म्हणजे चोरांना वाटावं घरात माणूस आहे. (चोरांना काही वाटलं नाही. बाकी सगळ्यांना वाटलं. ते पुढे येतंय.)

वासाच्या मागे जाणं सोपं नसतं, अण्णा. आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत तो नाकासमोर सरळ चालला होता. मग भजीवाल्याची कढई आडवी आली आणि वास तेलात बुडाला. नाक वर करून चौकात गोल फिरले तेव्हा रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, आंटी, चक्कर आ रहा है क्या? पुढे औषधाच्या दुकानाजवळ वास पुन्हा सापडला, तो मासळी बाजाराशी येऊन कायमचा हरवला. तिथे सरूबाई बसते. तिच्याकडून मी गेली कित्येक वर्षं बोंबील घेते. तिला म्हटलं, सरूबाई, एक खमंग वास येतोय बघ, तो कुठून येतो गं? तिने सुरमई तशीच धरून ठेवली आणि मला खालून वर न्याहाळलं. “गो बाय, माझ्याजवल उभी र्‍हाऊन वास शोधतंस?” आसपासच्या सगळ्या बायका हसल्या. मग तिनेच कोयत्याने दाखवलं, तिकडे, गाळ्यांकडे, कारखान्यांत जा.

त्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाकडे मी इतक्या वर्षांत कधी वळले नव्हते. फाटकावर उत्तर प्रदेशचा वॉचमन. त्याने विचारलं, किधर जाना है? इथे माझ्या हिंदीने माझी वाट लावली. मी म्हटलं, “वो जो बास आता है ना, वो किधर से आता है, देखने का है.” आता आपल्यात वास म्हणजे वास, मोगऱ्याचाही वासच. हिंदीत बास म्हणजे दुर्गंधी, हे मला ठाऊक असायला हवं होतं. वॉचमन ताडकन उभा राहिला आणि फोनवर कोणाला तरी म्हणाला, कंप्लेंटवाली मॅडम आयी है!

त्यानंतरची माझी मिरवणूक तू पाहायला हवी होतीस. मी पुढे जात होते आणि दोन्ही बाजूंची शटरं धडाधड खाली येत होती. प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एकाने शपथेवर सांगितलं, मॅडम, आमचा माल थंडच असतो, त्याला वासच नसतो. डिंकवाल्याने माझ्यासाठी खुर्ची आणवली, गार सरबत दिलं आणि बोटाने शेजारच्या गाळ्याकडे खुणावलं. (सरबत वाळ्याचं होतं. मी प्यायले. तहान लागली होती, आणि असा मान मला नोकरीतही कोणी दिला नव्हता.) मी सगळ्यांना सांगत सुटले, अहो, मला आवडतो हो तो वास! कोणी विश्वास ठेवीना. तक्रार करायला आलेलं माणूस असं गोड बोललं की लोक जास्तच घाबरतात.

शेवटी एका गाळ्यातून कोपरापर्यंत पिठाने माखलेला एक जाडजूड गृहस्थ हात जोडत बाहेर आला. बर्नार्ड त्याचं नाव, इथल्याच जुन्या गावठाणातला. “बाय, चिमणी उंच केली, पंखा फिरवला. आजून काय करू, सांगा तुमी,” म्हणाला. मागे दारात त्याची बायको आयडा उभी होती. तिच्या डोळ्यांकडे पाहून माझं हसू थांबलं. त्यांच्यावर तक्रार झाली होती, पाहणीला माणूस येणार असं कळलं होतं, आणि तो माणूस मीच, अशी दोघांची समजूत झाली होती. बर्नार्डची नोकरी गेल्यावर दोघांनी मिळून हा गाळा उभा केलेला. तो बंद पडला तर पुढे काय, हे त्यांनी एकमेकांनाही विचारलं नव्हतं, हे मला आयडाने नंतर सांगितलं.

मी म्हटलं, मी कोणी साहेब नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाई आहे. तुमच्या वासावर चहा पिते. आत येऊन बघू का?

आत काय छान होतं, अण्णा! भट्टी, तिच्यातून निघणारे तपकिरी बिस्किटांचे ट्रे, आणि तो वास, आता पुरता माझ्या भोवती. बिस्किटांचा आकार मधे बारीक, दोन्ही टोकांना गोल. मला वाटलं डमरू, शंकराच्या देवळाची ऑर्डर असेल. प्रसादच तो, म्हणून मी एक उचलून तोंडात टाकलं. बर्नार्ड “बाय, बाय” म्हणेपर्यंत दुसरंही. खुसखुशीत होतं, पण अळणी. मी म्हटलं, ब्लडप्रेशरवाल्यांसाठी आहेत वाटतं? आयडाने ॲप्रन तोंडात कोंबला. बर्नार्ड भिंतीकडे बघत म्हणाला, “कुत्र्याचा बिस्कीट हाय, बाय. डमरू नाय तो. हाडूक हाय.”

मग मी विचारलं (विचारायला नको होतं), की ह्यात काय काय घालता? गहू, नाचणी, शेंगदाणे, लाल भोपळा, आणि कोंबडीची कलेजी. म्हणजे तळाशी होतं आणि नाव सांगत नव्हतं, ते हे! आणि वार शनिवार. मारुतीरायाला मी तिथेच मनात सांगून टाकलं, नकळत झालं, पहिलं तरी. पण अण्णा, खरं सांगू? इतके महिने जे कोडं मला खिडकीत बसवत होतं ते सुटलं, तेव्हा माझ्याही पोटातून हसू आलं. आयडा हसली, बर्नार्ड हसला, शेजारचा डिंकवालाही अर्धं शटर उघडून हसला. कितीतरी दिवसांनी मी दुसऱ्या कोणाबरोबर हसत होते.

इकडे घरी काय चाललं होतं, ते तुला माझ्याआधी कळलंच आहे. तू फोन केलास, मी उचलला नाही. तू प्रज्योतला, प्रज्योतने दिपालीला. दिपाली बेल वाजवते तर आतून बाईचा आवाज, “सोडा मला, मी जगून काय करू!” ती मालिकेतली सून होती. पण दाराबाहेरून सून आणि सासू सारख्याच ऐकू येतात. कामेरकरांनी सुतार आणून दाराचं लॅच तोडलं. मी जिना चढून आले तेव्हा दिपाली रडतेय, कामेरकर घामाघूम होऊन माझ्याच खुर्चीत बसलेत, आणि दिपालीच्या मोबाइलमधून प्रज्योत इंग्रजीत ओरडतोय. मी आयडाने दिलेली बिस्किटांची पिशवी टेबलावर ठेवून सगळ्यांसाठी पाणी आणायला आत गेले. एवढ्यात तुझा फोन आला आणि तुझ्यामाझ्यात वास आणि वाट झालं.

बोलून बाहेर येते तर कामेरकर खात होते! माणूस ताणात असला की हात आपोआप पिशवीत जातो. मी थांबवणार होते. पण ते म्हणाले, “वहिनी, हे कुठे मिळतं? गोड नाही, तेलकट नाही. मला असंच काहीतरी लागतं.” मग मात्र मी गप्प बसले. त्यांनी आणखी दोन खाल्ली. मी म्हटलं, तुम्ही ज्यांच्यावर तक्रार केलीत ना, त्यांच्याकडे. त्यांचा घास अडला. मग मी उरलेलं सांगितलं. कुत्रं या शब्दाशी ते उठले, कलेजीशी पुन्हा बसले. पक्के शाकाहारी आहेत. त्यांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांना लिंबूपाणी दिलं आणि सांगितलं, हे ह्या घराबाहेर जाणार नाही, पण तक्रारही त्या कचेरीत राहायला नको. दिपाली दोन्हीला साक्षीदार आहे. सोमवारी ते स्वतः जाऊन तक्रार मागे घेऊन आले. लॅचही त्यांनीच नवं बसवून दिलं, पहिल्यापेक्षा चांगलं. (तुला सांगितलं म्हणजे बाहेर गेलं असं नाही. तू घरचा.)

तेव्हा अण्णा, मी वाट चुकले नव्हते. माझ्या घरापासून त्या गाळ्यापर्यंतची वाट मी नाकाने काढली आणि डोळ्यांनी परत आले. देवरुख मला परकं नाही. पण तिथे फणस कोणाच्या अंगणात पिकला, भाकरी कोणाची करपली, हे मला अंथरुणात पडल्यापडल्या कळतं. इथे काहीच कळत नाही, म्हणून मी उठते. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये दुपारी कोणीतरी पेटीवर एकच ओळ वाजवतं आणि एकाच सुरावर चुकतं. गच्चीवर एक गृहस्थ रोज कढीपत्त्याच्या कुंडीशी बोलतात, पण काय बोलतात ते वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. हे सगळं मला अजून शोधायचंय. तुला राग येईल, पण आला तरी चालेल, तू रागावलास की गुडघा विसरतोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
वसू

ता. क. कृणालला रविवारी पाठवू नकोस. पाठवायचाच असेल तर रिकाम्या गाडीने नको, तुझ्यासकट पाठव. चार दिवस राहा. गच्चीवर काय बोलणं चालतं ते तुला ऐकू येणार नाही, पण ओठांवरून तू बरंच ओळखतोस.

ता. क. २. वर जे मी लांबण लावलं ते सगळं खरं आहे, पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मंगळवारपासून मी बर्नार्डच्या गाळ्यात जाते, दुपारी, पाकिटं भरायला. आयडा म्हणते, माझ्या हाताला घडी नीट येते. प्रज्योतला हे मी सांगितलं तर तो विमानाने येईल. तुझं तो ऐकतो, तेव्हा तू सांग. आधी नुसतं बेकरी म्हण, कुत्र्याचं हळूहळू काढ. तो म्हणेल, मामा, आईला तिथे काय कमी आहे, म्हणून ती कामाला जाते? त्याला सांग, काही कमी नाही रे, तिला फक्त पाच वाजता चहाला कोणीतरी लागतं.