रंगावर बसवलेली अर्थिंग

अण्णा,

इथं कुंभकोणमला सगळेच एकमेकांना अण्णा म्हणतात. चहावाला मला म्हणतो, मी चहावाल्याला म्हणतो, बसचा कंडक्टर अख्ख्या गाडीला म्हणतो. पहिले काही महिने मागून कुणी अण्णा म्हटलं की मी वळून बघायचो. तुम्ही गेलात हे ठाऊक असूनही. आता वळत नाही. आज रविवार आहे, गॅरेज बंद आहे. मेलकावेरीतल्या माझ्या खोलीत पंखा नुसती गरम हवा ढवळतोय आणि उठून आंघोळ करायचंही बळ अंगात नाही. सातवीनंतर मी सलग एक पान कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमचं दुकान सोडून मी निघालो त्याला नऊ वर्षं झाली. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मला ते चार महिन्यांनी कळलं. तेव्हा मी कोइमतूरला होतो. तिथून सेलम, मग होसूर, मग इथं. कुठंच तीन वर्षं टिकलो नाही, काहीतरी बिनसतं आणि मी बॅग भरतो. तुम्ही म्हणाला होता तसंच. विट्याच्या स्टँडमागं आपलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, समोर एक टेम्पो उभा, टेम्पोवाला बघतोय, आणि मी अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला. तुम्ही पाना काढून घेतलात. "रंगावर अर्थिंग देतोस? करंट काय रंगातनं पोहून जाणार हाय? खरवड आधी. लोखंड चमकलं पायजे." मी खरवडलं. वर तुम्ही टेम्पोवाल्याला म्हणालात, "पोराच्या हातात कला हाय, पण घाई पायात हाय. हे हितं ऱ्हायचं न्हाय." मी एकोणीस वर्षांचा होतो, मला ते फार लागलं. आठवड्याभरात मी खरंच राहिलो नाही. तेव्हापासून मनात एकच होतं, की हा माणूसही कुठंतरी चुकत असेल, आणि ती चूक एकदा मला सापडली पाहिजे.

मी इथं तुमचंच काम करतो. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट बॅटरीतनं निघून स्टेअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि बारीक वायरीतनं परत पुढं येतो, येता येता दमतो, म्हणून दिवा पिवळा. मग रिले बसवायचा, जाड वायर थेट बॅटरीवरनं घ्यायची, मध्ये फ्यूज टाकायचा, स्विचला फक्त इशाऱ्यापुरता करंट ठेवायचा. प्रत्येक दिव्याला वेगळा रिले, एक गेला तरी दुसरा राहतो. मालक म्हणतो एकच लाव, लवकर होईल. मी दोन लावतो. हे तुमच्यामुळं, पण त्याला मी कधी सांगितलं नाही.

मागच्या गुरुवारी एक जीप आली. माणूस आपल्याकडचा, गलाईवाला. वीस-बावीस वर्षं इथं जुनं सोनं-चांदी गाळायचा धंदा करतो. मला मराठी येतं हे ऐकून आलेला. "दिवे मेणबत्तीवाणी झाल्यात रं," म्हणाला, "बल्ब बदलून बघितलं, काय फरक न्हाय." मी बॉनेट उचललं आणि आत नीट बघायच्या आधीच तोंडातनं निघून गेलं, "कुठल्या अडाण्यानं हात लावलाय ह्याला?" आमच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात. आधीच्या मिस्त्रीला शिवी दिल्याशिवाय कुणी पाना हातात घेत नाही. मालक तर रोज तमिळमध्ये म्हणतो, त्यानं माझा सूर ओळखला आणि हसला. तुम्ही मात्र म्हणायचा नाही. कसलीही गचाळ वायरिंग आली तरी तुमचं ठरलेलं, "केलंय त्यानं त्याच्या परीनं."

गलाईवाला म्हणाला, "अडाणी म्हणू नगं. आपल्या विट्याचे अण्णा हुते, गाडी गावाकडं नेली हुती तवा त्यांनी केलंय. आता न्हाईत ते."

मग मला वायरी बांधलेला दोरा दिसला. टेप नाही, चांभाराचा मेणाचा दोरा, चार-चार बोटांवर दुहेरी गाठ. आणि जाळीच्या मागं, वारा लागेल अशा जागी, चिनी मातीच्या फ्यूजवर गुंडाळलेली कॉइल. गावातनं जाताना समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये, म्हणून दिवा मंद करायची तुमची युक्ती. एक पदर लावला तर शेगडीसारखा लाल होतो म्हणून तीन पदर पिळलेले. ती कॉइल काकींच्या विजेच्या शेगडीतली असणार हे मी शपथेवर सांगतो. तुम्ही तिचा तुकडा तोडून न्यायचा, उरलेली आखूड व्हायची, शेगडी आणखी तापायची आणि दूध उतू जायचं. काकी ओट्यावरनं ओरडायच्या, "माझ्या शेगडीची आतडी काढून लोकांच्या गाड्यांत घालतंय हे माणूस." तुम्ही खाली मान घालून भाकरी खाताय. मीही खाली बघून हसतोय.

मी मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, बल्बवर दहासुद्धा नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, सापडलं. एक-एक जोड तपासला. रिले ठीक, फ्यूज ठीक, तुमचा एकही सांधा ढिला नव्हता. शेवटी अर्थिंगचे दोन्ही बोल्ट खोलले. खाली रंग. जाड, हिरवा, नवा. जीपचा पुढचा सगळा भाग मध्ये तिरुवलंचुळीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात ठोकून रंगवून घेतला होता, हे गलाईवाला आल्या आल्याच बोलला होता; तिथं बोल्ट परत रंगावर आवळले होते. वॉशरही साधे. तुम्ही दातेरी वॉशरशिवाय बोल्ट लावत नव्हता. म्हणजे हे तुमचं नव्हतं. हे मला तिथंच, वाकलेला असतानाच कळलं. ब्लेडनं खरवडलं, लोखंड चमकलं, आवळलं. समोरच्या भिंतीवर पांढरा लख्ख उजेड पडला. मंद करून बघितलं, कॉइल अजून चालत होती.

गलाईवाला खूश. "मग हुतं काय?"

"अर्थिंग रंगावर बसवली होती," मी म्हणालो. "खरवडलं नव्हतं."

त्यानं वाकून बोल्टकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे अण्णांच्या हातनं तेवढं ऱ्हायलंच म्हणायचं."

मालक बाजूला उभा होता. मी घटकाभरापूर्वीच अडाणी म्हणून बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं, अण्णा. मी म्हणालो, "व्हय."

"असू दे, गेल्यालं माणूस," म्हणत त्यानं बॉनेट हळूच टेकवलं. "मी हितं चार जणांना सांगत आलोय, वायरिंग बघायची तर ह्या गाडीची बघा." मग जाता जाता विचारलं, "तू कुठं शिकलास?"

"फिरत फिरत," मी म्हणालो.

तीन दिवस झाले, कामात हात चालत नाही. काल एकाच रिलेच्या वायरी दोनदा उलट्या जोडल्या. मालक म्हणाला, ताप आहे का. नऊ वर्षं तुमची चूक शोधत होतो आणि नाही सापडली तर एक लावून दिली, ती पण तुम्ही मला ज्याबद्दल बोलला होता तीच.

आता हे कागद कुठं पाठवणार. काकी दुकान विकून मुलीकडं गेल्या असं ऐकलं, कुठल्या गावाला ते मी विचारलं नाही. आणि तुम्हाला लिहिणं सोपंच आहे, तुम्ही काही म्हणणार नाही. गलाईवाल्याचा नंबर मात्र माझ्या मोबाइलमध्ये आहे, जीप आली त्या दिवशी त्यानंच मिस कॉल दिला होता. सकाळपासून चार वेळा काढून बघितला. अजून लावलेला नाही.